उन्स्ट बेटावरची संकष्टी

आमच्या घरात पोथीखालोखाल जे वाङ्मय वाचलं जातं, ते खाण्याच्या पाकिटांच्या मागचं. हा माझा दोष. मी खाद्यपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करतो, आणि दिवसभर जे करतो ते घरी आल्यावरही थांबत नाही. बिस्किटांचा पुडा हातात आला की आधी तो उलटा करतो आणि आत काय काय घातलंय ते मोठ्याने वाचतो. बायको सांगते की लग्नात मला नाव घ्यायला सांगितलं, तेव्हाही मी आधी समोरच्या श्रीखंडाच्या डब्याकडे पाहिलं होतं. आई मात्र हे वाचन हातातलं काम बाजूला ठेवून ऐकते. ती चौथीपर्यंत शिकली; मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. ती म्हणते, "एवढं शिकवलं, तर काय शिकला ते ऐकायला नको?"

या ऐकण्यानेच देशाच्या पार उत्तर टोकाला आमची पंचाईत केली.

आई अधूनमधून उन्हाळ्यात आमच्याकडे लंडनजवळ वॉटफर्डला राहायला येते. तिला बरीच वर्षं मधुमेह आहे. इन्शुलिन नाही, पण रोज सकाळी साखर खाली आणणारी गोळी आहे, आणि बोट टोचून रक्त तपासायचं मीटर आहे. गावाकडच्या मीटरवर तिची साखर दीडशे, पावणेदोनशे अशी भरायची. इथे मी नवं मीटर आणलं, त्यावर पहिल्याच दिवशी आठ आले. आईने आकडा लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि विचारलं, "रुपयांचे पौंड केले की काय?" मी तिला सांगायला लागलो की दोन देशांत मोजायची मापं वेगळी आहेत, इथल्या आकड्याला अठराने गुणलं की तिकडचा येतो. बायको मध्येच म्हणाली, "आई, तुमचंच बरोबर आहे. हा साखरेचा एक्स्चेंज रेट आहे." आईला ते फार आवडलं. अठराचा पाढा तिला पाठ आहेच. तेव्हापासून मीटरवर आकडा आला की ती स्वतःच हिशेब करून सांगायची: अठरा आठे चव्वेचाळाशे, म्हणजे झाले एकशे चव्वेचाळीस, आज बरी आहे.

पाढे तिला गिरणीने शिकवले. तालुक्याच्या गावात आमची पिठाची गिरणी होती. वडील मशीन सांभाळायचे आणि बाकी सगळं आई. चतुर्थी-एकादशीच्या आधी राजगिरा, शिंगाडा, वरी असं उपवासाचं दळण यायचं, तेव्हा ती वडिलांना गिरणी बंद करायला लावायची. जातं उघडायचं, झाडायचं, पुसायचं, कापडी तोंड बदलायचं, आणि मगच दळायचं. गव्हाचा, ज्वारीचा कण त्यात जायचा नाही. गावात आणखी दोन गिरण्या होत्या, पण उपवासाचं दळण आमच्याचकडे यायचं. लोकांचा उपवास आपल्या हाताने मोडला तर ते पाप आपल्याला, असं तिचं साधं गणित होतं. त्या गिरणीच्या पिठावर मी शिकलो, हे मी कधी विसरत नाही. आणि विसरलोच तर आई आठवण करून देते.

तिची संकष्टीसुद्धा माझ्याच नावावर आहे. मी बारावीला होतो तेव्हा तिने गावच्या गणपतीला नवस बोलला की पोरगा पदवीधर होईपर्यंत चतुर्थी करीन. दिवसभर चहा आणि एखादं केळं. चंद्र उगवल्याचं पाहून, ओवाळून, मग जेवण. मी पदवीधर झालो. तिने नोकरी लागेपर्यंत मुदत वाढवली. नोकरी लागली, तर व्हिसा येईपर्यंत. व्हिसा आला, मग लग्न. लग्नानंतर तिने कारण सांगायचंच सोडून दिलं. इथे कायमचं राहायची परवानगी मिळते, तिला इनडेफिनिट लीव्ह टू रिमेन म्हणतात. ती आम्हाला मिळाली त्या दिवशी बायको म्हणाली, "आपल्याला आज मिळाली. आईंच्या उपवासाला कधीच मिळालीये."

उत्तरेला जायचं आईनेच काढलं. टीव्हीवर रोज हवामान दाखवतात. त्या नकाशात सगळ्यात वर समुद्रात थोडे ठिपके असतात. ते बघून तिने एकदा विचारलं, "त्या वरच्या ठिपक्यांवर कोण राहतं रे?" मी म्हणालो, शेटलंड बेटं आहेत, तिथेही माणसंच राहतात. "मग तिथे ने मला. तू राहतोस तो देश कुठे संपतो ते बघून ठेवते." आम्ही तिला लंडन दाखवलं होतं, राजवाडा दाखवला होता, नदीतून फिरवून आणलं होतं. त्यातल्या कशासाठी तिने कधी हट्ट धरला नव्हता.

मी तयारीला लागलो. मधुमेहाचं माणूस घेऊन लांब जायचं, तर तयारी एखाद्या प्रयोगासारखी करायची, असं मी ठरवलं. मीटर, पट्ट्या, त्यांचा जादा संच, हातमोजे. वारांची नावं असलेली गोळ्यांची डबी आणली आणि प्रत्येक कप्पा स्वतः भरला. साखर एकदम उतरली तर चघळायच्या ग्लुकोजच्या गोळ्या घेतल्या, आणि अर्थातच त्यांची नळी उलटी करून मागचा मजकूर वाचला. नुसता वाचून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण आईने विचारलं, हे ग्लुकोज करतात कशाचं? मी तिला मक्याच्या पिठापासून ते कसं काढतात हे सगळं समजावून सांगितलं. आईने मान डोलावली आणि म्हणाली, "म्हणजे मका."

एवढी तयारी केली, आणि एकच गोष्ट पाहिली नाही. कॅलेंडर. फेरीबोटीत केबिन ज्या दिवशी मिळाली त्या दिवसाचं तिकीट काढलं आणि मोकळा झालो.

अॅबर्डीनहून रात्रभराची बोट, सकाळी शेटलंडचं लर्विक बंदर. तिथून भाड्याची गाडी, मग दोन छोट्या फेरीबोटी: आधी येल नावाचं बेट, मग त्याच्या पलीकडे उन्स्ट. त्यापुढे देश नाही. एका म्हाताऱ्या बाईंच्या घराला लागून असलेली छोटी कॉटेज आम्ही घेतली होती. बाई दारातच उभ्या होत्या. त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळत होतं. त्या लहान कुठल्याही गोष्टीला पीरी म्हणायच्या. पीरी खोली, पीरी शेगडी. आईला मात्र तो एकच शब्द कळला आणि पुरला. संध्याकाळपर्यंत ती बायकोकडे पीरी चहा मागायला लागली.

जूनमधला उजेड तिथे संपतच नाही. जेवणं झाली, भांडी झाली, तरी बाहेर संध्याकाळच. आई खिडकीशी बसून म्हणाली, "सूर्याला घरी कोणी वाट बघणारं नाही वाटतं." मी पडदे ओढून घेतले आणि तिला झोपायला लावलं. चंद्राचा विषय तेव्हाही कोणाच्या डोक्यात आला नाही.

सकाळी नाश्त्याला मी अंडी फोडत होतो, तर आई म्हणाली, माझ्यासाठी नको, संकष्टी आहे. तिने निघायच्या आधीच वॉटफर्डच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पाहून ठेवलं होतं. आम्हाला का सांगितलं नाही म्हणून विचारलं, तर म्हणाली, तू तिकिटं काढलीस म्हणजे बघूनच काढली असशील. शिकलेला माणूस.

मी एकदम विचारलं, "आणि गोळी?"

"घेतली की. तू भरून ठेवली होतीस."

गावाकडच्या डॉक्टरांनी तिला पूर्वीच सांगून ठेवलं होतं की उपवासाच्या दिवशी ही गोळी घ्यायची नाही, कारण पोटात काही नसताना ती साखर नको तेवढी खाली ओढते. ती गावाकडे ते पाळायची. पण इथे डबीच्या कप्प्यात गोळी होती, आणि डबी मुलाने भरली होती. तिला वाटलं, डॉक्टरपेक्षा याला काही तरी जास्त ठाऊक असेल. हे ती अगदी सरळ सांगत होती. बायको तोंड वळवून अंडी फेटायला लागली, म्हणजे तिला हसू आवरत नव्हतं आणि काळजीही वाटत होती.

मी म्हणालो, मग आज घरातच बसू. आई म्हणाली, एवढ्या लांब खिडकीत बसायला आले का? तिने माझ्यासमोर दुधाचा चहा घेतला, केळं खाल्लं, साखर तपासून दिली. अठरा साते सव्वीसाशे, एकशे सव्वीस. ठणठणीत. निघताना शेजारच्या बाईंनी हातात एक टोपली दिली: घरचा ब्रेड, चीज, आणि वर कापड बांधलेली मुरंब्याची पीरी बरणी. आईकडे बघून त्या काही म्हणाल्या. आईने हात जोडले आणि मराठीत उत्तर दिलं. दोघींचं बरं जमलं होतं.

रस्ता जिथे संपतो तिथवर आम्ही गेलो. पुढे वाळू, मग समुद्र. वारा असा की गाडीचं दार दोन्ही हातांनी धरावं लागलं. आई शाल डोक्यावरून घेऊन उभी राहिली, बराच वेळ समुद्राकडे पाहिलं आणि म्हणाली, "संपला का देश? बरं." परतताना कुंपणाशी तिथली बुटकी तट्टं उभी होती, डोळ्यांवर केस आलेली. आईने गाडी थांबवायला लावली. ही वाढली का नाहीत, तिने विचारलं. बायको म्हणाली, "चतुर्थी करत असतील, आई." आई हसली. ते मला नीट आठवतं, कारण त्यानंतर ती बोलली नाही.

आई गप्प बसणं ही आमच्या घरात बातमी असते. बायकोने घोड्यांवरून आणखी एक टोमणा मारून पाहिला. उत्तर आलं नाही. मी आरशात पाहिलं. आईच्या कपाळावर घाम होता, आणि बाहेर एवढी थंडी.

उन्स्टवर रस्त्याच्या कडेला एक बसथांबा आहे. त्याला काचा आहेत, आणि कोणी हौसेने आत बसायला खुर्ची ठेवली आहे, पडदे लावले आहेत. बस कधी येते देव जाणे. वाऱ्याने गाडी हलत होती त्यापेक्षा तिथे बरं, म्हणून आम्ही आईला त्या खुर्चीत बसवलं. बोटं गार पडली होती, रक्ताचा थेंब येईना. आला, तर मीटर चालेना. त्यावर थर्मामीटरचं चित्र आलं आणि तेवढंच राहिलं. गारठ्यात ते काम करत नाही. हे मी माहितीपत्रकात वाचलं होतं आणि वाचूनही मीटर गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवलं होतं. बायकोने ते माझ्या हातातून घेतलं आणि आईच्या काखेत दिलं, ताप मोजायला देतात तसं. आम्ही तिघं त्या पडद्यांच्या खोलीत मीटर गरम व्हायची वाट बघत राहिलो.

मग आकडा आला. तीन. वर थोडं काही.

"आई, तीन आलेत," मी म्हणालो. तिने नेहमीसारखा हिशेब सुरू केला. "अठरा त्रिक..." म्हणाली आणि थांबली. पुन्हा म्हणाली, "अठरा त्रिक..." गिरणीत मापाची चूक दुरून आवाजावरून पकडणारी बाई अठरा त्रिकाला अडली. तोवर मी काळजी करत होतो, आता घाबरलो.

ग्लुकोजच्या गोळ्या खिशातच होत्या. मी एक तिच्या ओठांशी नेली. तिने तोंड फिरवलं.

"मक्याची आहे," ती म्हणाली. "तूच वाचून दाखवलंस."

मी म्हणालो, औषध आहे ते, औषधाला उपवास लागत नाही. ती मान हलवत राहिली. साखर उतरली की माणूस हट्टी होतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण तिचा हट्ट साखर उतरण्याच्या आधीचा होता. आयुष्यभर तिने दुसऱ्याच्या उपवासात धान्याचा कण जाऊ दिला नव्हता. स्वतःच्या उपवासात अख्खी गोळी कशी जाऊ देणार? मी विनवण्या केल्या, रागावलो. बायको गाडीकडे पळत गेली आणि ती टोपलीतली बरणी घेऊन आली.

तिने वरचं कापड सोडलं. आत गुलाबी मुरंबा होता. सकाळी बाईंनी सांगितलं होतं की त्यांच्या परड्यातल्या रुबार्बचा आहे. रुबार्ब म्हणजे आंबट देठ. अळूच्या देठासारखे दिसतात.

आईने बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मागे काय लिहिलंय?"

मी बरणी फिरवली. "काही नाही लिहिलेलं."

"मग तू वाचणार काय?"

"देठ आणि साखर आहे, आई. बस्स."

"चमचा ब्रेडला लागला नाही ना?"

बायकोने चमचा नव्हताच आणला. तिने बोट बुडवलं आणि सासूच्या तोंडाला लावलं. आईने चाटलं. पुन्हा लावलं, पुन्हा चाटलं. तिसऱ्यांदा आईने बरणीच स्वतःच्या हातात घेतली आणि बोटाने खायला लागली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "साखर जरा जास्त पडलीये हिची." तेव्हा मला बसायला जागा नव्हती म्हणून मी बसथांब्याच्या लादीवर बसलो.

पुन्हा तपासलं. पाच. "अठरा पंचे नव्वद," आई म्हणाली. मग माझ्याकडे बघून बायकोला म्हणाली, "ह्याला थोडा मुरंबा दे, हाच पडेल."

पण प्रकरण मिटलं नव्हतं. ती सकाळची गोळी दिवसभर काम करत राहते. मुरंब्याने चढलेली साखर ती तासाभरात पुन्हा ओढणार. कॉटेजवर आलो तसा मी आरोग्यसेवेच्या नंबरवर फोन लावला. फोनवरच्या नर्सने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की आईंनी पोटभर जेवायला हवं, भात, भाकरी, जे काही असेल ते, आणि लवकर. साखर पुन्हा पुन्हा तपासत राहा, आणि परत खाली गेली किंवा खाणं होत नसेल तर दवाखान्यात न्यायचं. दवाखाना लर्विकला, दोन फेरीबोटींच्या पलीकडे.

मी आईला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, जेवते की. चंद्र किती वाजता आहे?

मी फोनवर पाहिलं. उत्तरेला उन्हाळ्यात हा चंद्र फार खालून जातो आणि फार उशिरा वर येतो. वॉटफर्डला बारा तरी वाजले असते. इथे एक वाजून गेल्यावर. तेव्हा दुपारचे चार झाले होते.

"थांबू मग," आई म्हणाली. "मुरंबा आहे अजून."

बायकोने सोबत आणलेला कुकर काढला आणि डाळ-तांदूळ भिजत घातले. तिचं असं असतं, वाद चालू असताना ती भाताला लागते. मी आईसमोर स्टुलावर बसलो. मला वाद घालता येत नाही. शाळेत वक्तृत्वाला मी दोनदा उभा राहिलो आणि दोनदा मध्येच विसरलो. पण त्या दिवशी समोर पाठ केलेलं भाषण नव्हतं, आई होती.

"नवस कुठे बोललीस तू?"

"गावात. देवळात. तुला माहितीये."

"कोणाला?"

"गणपतीला. वकिलासारखं विचारू नकोस."

"गावच्या गणपतीला. मग त्याला चंद्र कुठला दिसतो? गावचा दिसतो ना? त्याने काय उन्स्टचं वेळापत्रक बघायचं?" मी म्हणालो. "गावात चंद्र दहाच्या सुमाराला उगवेल. तिकडचे दहा म्हणजे इथले साडेपाच."

माझी चलाखी आईला कळत होती. ती लपवायची माझी कुवत नव्हती.

"हे तुला आत्ता सुचलं," ती म्हणाली.

"हो."

"मला जेवायला घालायला."

"हो."

तिने शालीचं टोक बोटांना गुंडाळलं, सोडलं. म्हणाली, बरं. गावचा चंद्र चालेल. पण कोणीतरी तो बघायला हवा. कॅलेंडरमध्ये छापलाय म्हणून मी जेवणार नाही. गावात माझी थोरली काकू, म्हणजे आईची जाऊ, अजून आमच्या घरातच राहते. तिला फोन लावायचा ठरला.

तोवर मुरंबा आणि मीटर आळीपाळीने चाललं; साडेपाच वाजता बायकोने कुकर गॅसवर चढवला आणि मी फोन लावून टेबलावर ठेवला. काकूला आईची साखर, मुरंबा, नर्स, सगळं सांगितलं. काकू ऐकत ऐकतच जिना चढत असावी. तिचा दम ऐकू येत होता. गच्चीवर पोचल्यावर ती या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत चालल्याचं ऐकू आलं. मग हळूच म्हणाली की आभाळ भरून आलंय.

इकडे कुकरची शिट्टी झाली. आईने माझ्याकडे पाहिलंही नाही, फोनकडेच बघत होती. "राहू द्या, जाऊबाई. दिसेल तेव्हा सांगा. मी थांबते."

"अगं थांब. दिसला," काकू म्हणाली.

"दिसला?"

"आत्ता ढग बाजूला झाला बघ. दिसला. चांगला मोठा आहे."

"कुठे दिसला?"

"हा काय. चिंचेच्या मागे."

आमच्या घरामागे चिंच आहे. गिरणीच्या शेडला लागून. लहानपणी शाळेतून आल्यावर मी तिच्याखाली न बसता गच्चीवरच बसायचो, कारण दुपारनंतर तिची सावली घरावर पडते आणि गच्ची गार होते. आई त्या गच्चीवर तीस वर्षं वाळवणं घालत होती. चिंच कुठल्या दिशेला आहे हे तिला सांगायची गरज नव्हती.

बायकोने गॅस बंद केला. तिकडे काकू खाकरली, आणि त्या खाकरण्यावरून कळत होतं की चिंच म्हटल्यावर तिच्याही ध्यानात आलं आहे.

"जाऊबाई," आई म्हणाली, "चिंच पश्चिमेला आहे."

"आहे ना," काकू म्हणाली. "मग? मी काय ती हलवू? तू जेव."

आईच्या खांद्यांना आधी हसू आलं, मग तोंडाला. ती शाल तोंडावर धरून हसत राहिली. काकू पलीकडून विचारत होती की काय झालं, काय झालं. "काही नाही," आई म्हणाली. "नमस्कार करा माझ्या नावाने त्याला. जेवते मी." फोन ठेवून ती मला म्हणाली, "माझ्याहून मोठ्या आहेत त्या. त्यांनी चंद्र पश्चिमेला उगवायला लावला, तर मी कोण नाही म्हणणार?"

प्रवासाच्या डबीतल्या पितळी गणपतीसमोर गुळाचा खडा ठेवला. आईने खिडकीकडे तोंड करून, त्या लख्ख उजेडात, कुठेच नसलेल्या चंद्राला ओवाळलं. मग वरण-भात, वर लिंबू, शेजारच्या बाईंनी आणून दिलेले उकडलेले बटाटे. ती सावकाश, पोटभर जेवली. मी तिच्या ताटाकडेच बघत होतो, ते तिला खपत नव्हतं. "तूही बस जेवायला. माझा घास मोजू नकोस." झोपायच्या आधी पुन्हा तपासलं. अठरा नवे बासष्टाशे, असं तिने स्वतःच सांगितलं आणि एकशे बासष्ट म्हणजे भात जरा जास्त झाला, असा ठपका सुनेवर ठेवला. त्या रात्री आकडा खाली आला नाही. दर थोड्या वेळाने मी तिच्या बोटाशी जात होतो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तिने न उठता हात पांघरुणातून बाहेर ठेवूनच दिला.

सकाळी मला जाग आली ती आईच्या हाकेने. ती अंगणात उभी होती, शाल लपेटून, हातात पीरी चहा. शेजारच्या बाईही त्यांच्या दारात होत्या. आकाश निरभ्र होतं. समुद्रावर बरंच खाली, पाण्याला टेकेल असा, फिकट, एका बाजूने झिजलेला चतुर्थीचा चंद्र होता. रात्री एकनंतर उगवून, बेटावरून फिरून आता मावळायला निघाला होता.

"बघ," आई म्हणाली. "जाऊबाई खोटं बोलल्या नव्हत्या. पश्चिमेलाच आहे."

मी पाहिलं. सूर्य कुठे आहे ते पाहिलं, किनारा कसा वळला आहे ते पाहिलं. ती पश्चिम नव्हती. नैर्ऋत्य होती, दक्षिणेकडे चांगलीच कललेली. मी तोंड उघडलं.

मागून बायकोचा पाय माझ्या पायावर पडला. चांगला जोरात.

"हो, आई," मी म्हणालो. "पश्चिमेलाच आहे."

आईने मान डोलावली. चहा संपवून आत आली, टेबलावरची गोळ्यांची डबी उचलली आणि माझ्या हातात दिली. आता पुढच्या संकष्टीचा कप्पा रिकामा ठेव, म्हणाली, आणि काकूला आधीच सांगून ठेव, गच्चीच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं ते.